बावीस ठिपक्यांचे डोके

पुणे,
१२ डिसेंबर २०२१

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मंगळवारी मिळाले आणि तेव्हापासून मी मनातल्या मनात त्याला तीन निरनिराळी उत्तरे लिहून खोडली. नाशकातले ते लग्नाचे फोटो काढणारे गृहस्थ दुकान आवरत आहेत. त्यांचा निकॉन डी३००एस, सोबतची ३०० मिलिमीटरची एफ/४ लेन्स आणि १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर (लेन्सची लांबी वाढवणारा जोड) असा सगळा संच जेवढ्या पैशांत मिळतो आहे, जवळपास तेवढ्यातच कोरा करकरीत कूलपिक्स पी९५०, म्हणजे लेन्स न बदलता येणारा सुपरझूम कॅमेरा, दुकानातून आणता येतो. तेव्हा नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीवरच्या पक्ष्यांसाठी या दोहोंपैकी काय घ्यावे, असे तू विचारले आहेस. उत्तर द्यायला मी तितकासा लायक पंच नाही, हे आधीच सांगून टाकतो. गेली आठ वर्षे माझ्या खांद्यावर डी३००एसच आहे, त्यामुळे त्याच्या बाजूने माझे वजन थोडे झुकणारच. दुसरीही एक कबुली आहे, पण ती पत्राच्या शेवटी देईन.

आधी जुन्याचे गुण गातो. हा कॅमेरा २००९ साली बाजारात आला आणि त्या वेळी तो पोटापाण्यासाठी फोटो काढणाऱ्यांनी घ्यायचा कॅमेरा होता. मॅग्नेशियम मिश्रधातूची बॉडी, धूळ आणि शिंतोडे अडवणारी बांधणी, फोकससाठी ५१ बिंदू आणि सेकंदाला सात चित्रे. चित्र १२ मेगापिक्सेलचे, म्हणजे आजचे फोनवालेही नाक मुरडतील एवढे; पण ते नाक मुरडणे अज्ञानाचे आहे, कारण एवढेसे ठिपके मोठ्या सेन्सरवर ऐसपैस बसलेले आहेत. या सेन्सरचे क्षेत्रफळ पी९५० च्या सेन्सरच्या सुमारे तेरापट भरते. खरी मजा मात्र फोकसमध्ये आहे. आत आरसा असलेल्या या जातीच्या कॅमेऱ्यात आरशाखाली फोकससाठी वेगळा संवेदक बसवलेला असतो. लेन्सच्या दोन बाजूंनी आलेला प्रकाश तो ताडून पाहतो आणि त्यावरून फोकस कोणत्या दिशेला व किती चुकला आहे, हे त्याला एका नजरेत कळते. पी९५० सारख्या सुपरझूमला ही सोय नाही. तो भिंगे थोडी पुढे, थोडी मागे सरकवून चित्र कधी अधिक ठसठशीत होते ते चाचपत राहतो. काठावर बसलेल्या बगळ्यासाठी ही चाचपणी पुरते, पण पाण्यावरून सरळ तुझ्याकडे येणाऱ्या सुरयासाठी ती पुरत नाही.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. गेल्या जानेवारीत खांदा आखडला होता, म्हणून पुतण्याचा पी९५० घेऊन भिगवणला गेलो होतो. सूर्य अजून वर यायचा होता, उजनीच्या पाण्यावर धुके होते आणि नावाड्याने इंजिन बंद करून नाव पाणकणसांच्या कडेला सोडून दिली होती. तेवढ्यात भोवत्या नावाचा एक शिकारी पक्षी, पंख किंचित वर धरून, पाणकणसांच्या शेंड्यांना लगटून तरंगत आला. असा प्रसंग वर्षातून दोनदा मिळाला तरी मी स्वतःला भाग्यवान समजतो. मी कॅमेरा डोळ्याला लावला. आतल्या इवल्याशा पडद्यावर भोवत्या दिसला, नाहीसा झाला, मग फक्त धुके दिसले, मग मागची झाडे लख्ख दिसली आणि भोवत्या पुन्हा दिसला तेव्हा त्याची पाठ माझ्याकडे झाली होती. तरीही बटण दाबून धरले. दहाएक चित्रे भराभर घेऊन कॅमेरा ती कार्डावर लिहीत बसला आणि तेवढ्या वेळात भोवत्या निघूनही गेला. घरी येऊन पाहतो तो पाणकणसांचे अत्यंत सुरेख फोटो निघाले होते. हातात माझा जुना धटिंगण असता तर निदान तीन-चार चित्रे हाती लागली असती, हे मी आजही शपथेवर सांगेन.

पहाटेच्या त्या अपयशाला फोकसइतकाच उजेडही कारणीभूत होता. ही गोष्ट जाहिरातीत कधी सांगत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लेन्स कितीही ‘८३ पट’ असली तरी लांबच्या पक्ष्याकडून येणारा प्रकाश तिच्या तोंडातूनच आत येणार. पी९५० ची लेन्स पूर्ण ताणली की ती खरोखरची ३५७ मिलिमीटरची होते आणि एफ/६.५ वर काम करते. ज्या २००० मिलिमीटरचा डांगोरा पिटला जातो, तो छोट्या सेन्सरमुळे मिळणारा, जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापात सांगितलेला सममूल्य आकडा आहे. ३५७ ला ६.५ ने भागले की ५५ येतात, म्हणजे प्रकाश आत येण्याची खिडकी ५५ मिलिमीटर रुंद. त्या गृहस्थांच्या लेन्सची खिडकी ३०० भागिले ४, म्हणजे ७५ मिलिमीटरची. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर एकाच पक्ष्याकडून तिच्यात पावणेदोन पटीहून अधिक प्रकाश शिरतो. शटरच्या भाषेत सांगायचे तर आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) तोच ठेवून जुना कॅमेरा एक हजारांश सेकंदावर जे चित्र घेईल, त्यासाठी नव्याला सेकंदाचा सुमारे चारशेवा भाग लागेल आणि तेवढ्यात उडत्या पंखाची कड विरघळून जाते. आयएसओ वाढवून ही उणीव भरून काढावी म्हटले, तर माझ्या डोळ्यांना पी९५० मध्ये ८०० च्या पुढे पिसांचा लगदा दिसू लागतो, तर डी३००एस १६०० पर्यंत निमूटपणे साथ देतो. (टेलिकन्व्हर्टर लावलास की त्याच लेन्सचे एफ/४ चे एफ/५.६ होते आणि ही चैन बरीचशी संपते, हेही ध्यानात ठेव.)

एवढे वाचून तू त्या गृहस्थांना फोन लावायला उठला असशील, तर कृपा करून खाली बस. माझ्या पहाटेच्या भोवत्याचा तुझ्या नांदूरशी फारसा संबंध नाही.

गोदावरी आणि कादवेच्या त्या पाणथळीवर तू काय करतोस ते मी तुझ्या शेजारी बसून पाहिले आहे. चापडगावच्या मनोऱ्यावर किंवा बांधावर सकाळी आठच्या सुमारास ऊन नीट पडल्यावर तू स्थिर बसतोस, दुर्बिणीतून मोजतोस आणि वहीत लिहितोस. तुझी बदके सहसा शंभर-दीडशे मीटरवर पाण्यात बसलेली असतात. मागच्या वेळी एका टोळीवरून आपला अर्धा तास वाद झाला होता, आठवते? त्या माद्या भुवई बदकाच्या की चक्रांगाच्या? दोन्ही तपकिरी, दोन्ही लहान. फरक मुख्यतः चेहऱ्यावर. भुवई बदकाच्या मादीला डोळ्यावरची फिकट रेघ अधिक ठळक असते आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका असतो. मी माझ्या डी३००एसने काढलेला फोटो संगणकावर मोठा करून पाहिला आणि काहीच ठरवता आले नाही, म्हणून वहीत तू प्रश्नचिन्ह घातलेस.

त्या प्रश्नचिन्हाचे गणित मी कालच मांडून पाहिले. दीडशे मीटरवर ३०० मिलिमीटरच्या लेन्समधून माझ्या कॅमेऱ्याला जवळपास बारा मीटर रुंदीचे दृश्य दिसते. त्या रुंदीवर सेन्सरचे ४,२८८ ठिपके वाटले गेले की सहा सेंटिमीटरच्या डोक्याच्या वाट्याला येतात अवघे बावीस. टेलिकन्व्हर्टर लावला तर तीस. पी९५० पूर्ण ताणल्यावर त्याच अंतरावर पावणेतीन मीटरहून थोडी कमी रुंदी दिसते आणि त्याच डोक्याला शंभर ठिपके मिळतात. आता हे शंभरही खणखणीत नाणी नाहीत. छोट्या खिडकीतून येताना प्रकाश विवर्तनाने पसरतो आणि एका बिंदूचा ठसा सेन्सरच्या सहा-सहा ठिपक्यांवर लोळतो. पण त्यातले निम्म्याहून अधिक वाया गेले असे धरले, तरी उरतात ते बावीसपेक्षा जास्तच, आणि माझे ते बावीसही काही सगळेच खरे नव्हते. डोळ्यावरची रेघ बावीस ठिपक्यांत दिसत नाही, आणि तुला ती रेघच हवी आहे.

शिवाय त्या जुन्या लेन्समध्ये हाताचा कंप सावरणारी यंत्रणा नाही आणि बॉडीतही नाही. लेन्स, बॉडी, टेलिकन्व्हर्टर मिळून अडीच किलोचे धूड होते, ते ट्रायपॉडवाचून चालवायला माझाही खांदा आता तयार नसतो, मग तुझे काय? पी९५० एक किलोचा आहे आणि त्याची कंपरोधक यंत्रणा खरोखर चांगली आहे. कठड्यावर कोपरे टेकवून पूर्ण ताणलेल्या झूमवर मी स्थिर चित्रे घेतली आहेत. एवढ्या अरुंद दृश्यात पक्षी हरवला तर लेन्सच्या बाजूला एक बटण आहे. ते दाबून धरले की झूम तेवढ्यापुरता मागे येतो, पक्षी सापडला की सोडायचे आणि झूम परत पूर्वीच्या जागी जातो. हे बटण ज्याने योजले त्याने कधीतरी लव्हाळ्यात पाणकोंबडी शोधली असणार. आधीच्या पी९०० मध्ये रॉ फाइल (सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) मिळत नसे, यात मिळते, हेही बरे झाले.

त्याच्या खोडीही ऐकून ठेव. साडेनऊ-दहानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरू लागली की पूर्ण झूमवरचे चित्र पाण्यात विरघळल्यासारखे येते, आणि त्यावर कोणत्याही कॅमेऱ्याकडे इलाज नाही; तेव्हा लांबची बदके आधी टिपून घे. कंपनीच्याच मोजणीप्रमाणे बॅटरी तीनशेहून थोडी कमी चित्रे देते, तेव्हा दुसरी बरोबर ठेव. धुळीच्या रस्त्यावर लेन्स बाहेर काढून हिंडू नकोस, कारण आत धूळ गेली तर ती लेन्स तुला उघडून पुसता येणार नाही.

जुन्या संचाविषयी तू विचारलेस म्हणून तेही लिहितो. त्याच्या शटरची चाचणी दीड लाख वेळांची आहे आणि लग्नाच्या एका हंगामात हजारो चित्रे सहज निघतात, हे तुला सांगायला नको. त्यांनी नुकत्याच काढलेल्या एखाद्या चित्राची मूळ फाइल मागून घे. शटर किती वेळा पडले ते तिच्यात नोंदलेले असते. मेनूत बॅटरीच्या माहितीखाली तिचे वय शून्य ते चार अशा आकड्यात दिसते, चार म्हणजे ती गेलीच समज. लेन्सच्या मागून विजेरी मारून पुढून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे, आणि मग लेन्सला हातही लावू नकोस. फोकस होताना ती किंचाळते का, तेही ऐक, कारण या जुन्या लेन्सच्या मोटारी कुरकुरू लागल्या की दुरुस्तीचे काम महागात पडते.

तू पी९५० घे. हे लिहिताना माझा हात जड झाला, कारण आरशाच्या कॅमेऱ्यातून पक्षी पाहणे आणि पडद्यावर पक्षी पाहणे यांत मला आजही ताज्या आणि फ्रीजमधल्या भाकरीइतका फरक वाटतो. पण तुला भिंतीवर लावायला भोवत्या नको आहे. तुझ्या एकोणीस वह्या आहेत, त्यांत दर शनिवारची तारीख, वेळ, नाव आणि संख्या आहे, आणि नांदूरचे नाव २०२० साली पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत जाहीर झाल्यावर त्या वह्यांची किंमत तुझ्यापेक्षा इतरांनाच अधिक कळू लागली आहे. अशा वहीत एका संशयित मादीचा ओळखू येणारा फोटो हा माझ्या दहा देखण्या उड्डाणांपेक्षा कामाचा आहे. उडते पक्षी तुझे निसटतील, पहाटेचेही निसटतील. ते मी येईन तेव्हा माझ्याकडून घे.

आता ती दुसरी कबुली. माझ्या डी३००एससाठी मी कितीतरी दिवस ३०० एफ/४ शोधतो आहे. सध्याची माझी ३०० ची लेन्स उसनी आहे आणि तिचा मालक आता मला पाहून रस्ता बदलतो. तेव्हा वरचा सल्ला वाचताना तुला माझ्या हेतूची शंका आली, तर ती अगदीच अस्थानी नाही. म्हणूनच माझ्या शब्दावर पैसे देऊ नकोस. २५ तारखेच्या शनिवारी मी पहाटेच्या गाडीने येतो. पुतण्याचा पी९५० आणि माझा जुना, दोन्ही आणतो. त्या गृहस्थांनाही त्यांची लेन्स घेऊन चापडगावला येण्याची विनंती कर. आठ वाजता मनोऱ्यावर बसून एकाच बदकाचे दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटो काढू आणि तुझ्याकडच्या संगणकावर डोके मोठे करून पाहू. रेघ ज्याच्यात दिसेल तो तुझा. आणि त्यांना सहज विचारून ठेव, नुसती लेन्स वेगळी देतील का.

वहिनींना नमस्कार सांग. त्यांच्या हातच्या मिसळीचा उल्लेख मी मुद्दाम केलेला नाही, पण त्यांना आठवण राहिली तर हरकत नाही.

तुझा,
शाळेतला बाकमित्र