पिशवीची सक्ती नेमकी कशासाठी?

पुनर्वापराचा कचरा ठरावीक पारदर्शक पिशवीतूनच द्यावा, ही सक्ती रहिवाशांना जाचक वाटते. तक्रार फक्त पैशांची नाही. कागद, काच, पत्र्याचे डबे वेगळे करून, धुऊन ठेवणाऱ्यालाच वर पिशवी विकत घ्यावी लागते आणि सगळे एकत्र कोंबणारा मात्र मोकळा सुटतो, हे मनाला लागते.

दक्षिण कोरियाने १९९५ साली ठरावीक पिशव्यांची पद्धत देशभर लागू केली, तैवानची राजधानी असलेल्या तैपेई शहराने २००० साली. पण तिथे विकतची पिशवी लागते ती उरलेल्या मिश्र कचऱ्याला. पुनर्वापराच्या वस्तू वेगळ्या, विनाशुल्क घेतल्या जातात. म्हणजे जो जास्त वेगळे करील, त्याची पिशवी कमी भरते आणि खर्चही वाचतो. आपल्याकडचा नियम नेमका उलटा आहे.

पारदर्शक पिशवीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे एक म्हणणे मला पूर्ण पटते. आत फुटकी काच आहे की सुई, हे कचरा उचलणाऱ्याला बाहेरून दिसते, त्याचा हात वाचतो. त्यासाठी पारदर्शक पिशवी हवीच असेल, तर ती मोफत द्या. पातळ प्लॅस्टिक वर्गीकरणाच्या यंत्रात गुंडाळले जाऊन यंत्र बंद पडते, हेही विसरू नये. झाकणाचे सामाईक डबे ठेवले तर कागद कोरडा राहील आणि पिशवीही वाचेल. नियम करण्यापूर्वी रहिवाशांना आणि कचरा वेचणाऱ्यांना एकदा समोरासमोर बसवून विचारा, एवढीच कळकळीची विनंती.

— एक रहिवासी