जर्मन मराठीतून शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

जर्मनच्या ए-वन या पहिल्या पायरीच्या परीक्षेचा निकाल लागल्यावर मी तुम्हाला फोन केला, पण ‘थँक्यू सर’च्या पुढे शब्दच फुटेनात. म्हणून हे पत्र. ते सगळ्यांना वाचता यावं असं उघड लिहिते आहे, कारण तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते सांगली-मिरजेच्या, तासगाव-पलूसच्या मुलामुलींपर्यंत पोचायला हवं असं मला मनापासून वाटतं.

सर, तुम्ही आम्हाला जर्मन मराठीतून शिकवलंत. माझे आभार सगळ्यात जास्त याबद्दल आहेत.

आमच्या बॅचमधले बहुतेक जण मराठी माध्यमातले. बी.एस्सी.ला आल्यावर इंग्रजीशी जुळवून घेताना काय होतं ते प्रत्येकाने अनुभवलेलं. आता जर्मनचं पुस्तक उघडावं तर ते पूर्ण जर्मनमध्ये, आणि मोबाइलवर समजावून सांगणारे व्हिडिओ इंग्रजीत. पहिल्याच तासाला तुम्ही फळ्यावर लिहिलंत, ‘मला बरं वाटतंय’. त्याखाली लिहिलंत, ‘मिर गेट एस गूट’. मग ‘मला’ आणि ‘मिर’ या दोन्हींखाली एकाच रंगाच्या खडूने रेघ ओढलीत. इंग्रजीच्या वाटेने येणारा इथे ‘मी’ शोधत बसतो. आपण तर जन्मापासून ‘मला थंडी वाजते’, ‘मला आवडतं’ असंच बोलत आलो. जर्मनही थंडी वाजली की ‘मिर इस्ट काल्ट’च म्हणतो. चतुर्थी विभक्ती तुम्हाला येतेच, फक्त तिचे जर्मन कपडे ओळखायला शिका, असं तुम्ही म्हणालात आणि वर्गातला ताण तिथेच उतरला. पुढे नॉमिनाटीफ, आकुझाटीफ, डाटीफ, गेनिटीफ ही नावं आली तेव्हा तुम्ही प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी असं शेजारी मांडलंत. शाळेत संस्कृत घेतलेल्या मुली तर खूश झाल्या. आठांच्या जागी चारच!

आकड्यांचा तास मला सगळ्यात आवडला. इंग्रजीत आधी दशक येतं, मग एकक. जर्मनमध्ये उलटं, आणि त्यामुळे जगभरचे विद्यार्थी श्रवणाच्या परीक्षेत किमती आणि फोन नंबर ऐकताना गडबडतात, असं तुम्ही सांगितलंत. मग विचारलंत, ‘पंचेचाळीस म्हणताना तुमच्या तोंडात आधी काय येतं?’ पाच. नंतर चाळीस. ‘फ्युन्फ-उंड-फिअर्त्सिश’ तेच करतो. बावीस तसंच, त्र्याहत्तर तसंच. फक्त एकोणतीस, एकोणचाळीस अशा आकड्यांना वाट वेगळी होते, कारण आपण पुढच्या दशकातून एक उणा करतो आणि जर्मन सरळ ‘नऊ आणि वीस’ म्हणतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात बावीसला ‘वीस दोन’ असंही वाचायची पद्धत आली आणि त्यावर राज्यभर वाद झाला, तो मला आठवतो. गणिताचं काय ते शिक्षकच सांगू शकतील. जर्मनपुरतं सांगते, आपली जुनी पद्धत आमच्या फार उपयोगाला आली.

आणि घड्याळ! ‘फिअर्टेल फोर आख्ट’ म्हणजे पावणेआठ, ‘फिअर्टेल नाख आख्ट’ म्हणजे सव्वाआठ, हे सोपं गेलं. ‘हाल्प द्राय’ मात्र सगळ्यांनी साडेतीन केलं. ‘अर्धा’ आणि ‘तीन’, दुसरं काय होणार? तुम्ही चूक म्हणाला नाहीत. फळ्यावर ‘अडीच’ लिहिलंत आणि हा शब्द ‘अर्धतृतीय’वरून आला हे सांगितलंत. दोन पूर्ण झाले, तिसरा अर्धा. जर्मन माणूस अडीच वाजले हे अगदी असंच सांगतो. रोज तोंडात असलेल्या शब्दात एवढा हिशेब आहे हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना एसटीत मी शेजारच्या आजींनाही हे सांगितलं.

लिंगाच्या बाबतीत तुम्ही खोटी आशा दाखवली नाहीत, हेही सांगायला हवं. हिंदीत दोनच लिंगं, आपल्याकडे तो-ती-ते आहे, म्हणून जर्मनच्या डेर-डी-डास या तीन लिंगांच्या रचनेची भीती वाटली नाही. पुस्तक, घर, पाणी, मूल ही आपल्याकडे ‘ते’ आणि तिकडेही ‘डास’. पण सूर्य तिकडे स्त्रीलिंगी, आणि मुलगी चक्क नपुंसकलिंगी. चमचा, काटा, सुरी या तिघांची तीन लिंगं. इथे मराठीचा आधार सोडा आणि पाठ करा, असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत. आधार कुठे धरायचा आणि कुठे सोडायचा, दोन्ही शिकवणारे शिक्षक मला तरी आधी भेटले नव्हते.

उच्चारांचंही तसंच. ‘त्साइट’, ‘त्सूग’, ‘त्सेन’ यातला पहिला आवाज काढताना आम्ही अडखळलो, तेव्हा तुम्ही ‘चाक’ आणि ‘चूल’ म्हणायला लावलंत. चहातला च नाही, चुलीतला. तो आवाज आमच्या जिभेवर होताच. ओठांचा चंबू करून ‘ई’ म्हणायचा तो दोन टिंबांचा ‘यू’ मात्र शेवटपर्यंत घोटून घेतलात.

तुम्ही स्वतः ही भाषा कॉलेजात शिकला नव्हता. कुपवाड एमआयडीसीत काम करताना जर्मन मशिनची मॅन्युअल समजावी म्हणून शब्दकोश घेऊन बसायचात, मग पुढच्या परीक्षा दिल्यात. निवृत्तीनंतर मिरजेहून रोज संध्याकाळी सांगलीत विश्रामबागला यायचात. तुमच्या त्या निळ्या वहीत प्रत्येक शब्द लिंगासकट आणि अनेकवचनासकट लिहिलेला होता. ती वही तुम्ही वर्गात टेबलावर ठेवून द्यायचात, ज्याला हवं त्याने झेरॉक्स काढावी म्हणून. तासगावची शेवटची सोयीची गाडी आम्हा मुलींना मिळावी यासाठी तुम्ही तास अर्धा तास अलीकडे ओढलात. त्यासाठी तुम्हाला घरून लवकर निघावं लागायचं, हे काकूंकडून कळलं. माझ्या घरून या कोर्सला परवानगी मिळाली ती या एका बदलामुळे. काकूंनाही माझा नमस्कार सांगा.

आणखी एका गोष्टीबद्दल मी कायम ऋणी राहीन. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकार आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाबाबत करार झाला, आणि जर्मनीची चर्चा आमच्या द्राक्षबागेपर्यंत आली. वडिलांना कुणी सांगितलं की ए-वन झालं की पोरगी परदेशात. तुम्ही पहिल्याच आठवड्यात फळ्यावर ए-वनपासून सी-टूपर्यंत सहा पायऱ्या काढल्यात आणि ए-वनच्या कागदावर नोकरी मिळत नाही हे स्वच्छ सांगितलंत. नर्सिंगच्या मुलींना तिथे मान्यता मिळवायला साधारणपणे बी-टू लागतं. आमच्या बॅचमधल्या ताईंना मात्र नवऱ्याकडे जायच्या व्हिसासाठी ए-वनच हवं होतं, त्यांचं काम या कोर्सने झालं. मला एम.एस्सी.साठी जायचं आहे म्हटल्यावर तुम्ही मला थांबवून घेतलंत आणि सांगितलंत की तिथल्या बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, पण नेमकं बाडेन-व्युर्टेमबेर्ग युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं, आणि राहण्याचा खर्च सगळीकडेच आहे. मग वडिलांनाही बोलावून हेच सांगितलंत. त्यांच्याशी तुम्ही बागेबद्दल, बेदाण्याच्या भावाबद्दल बोललात, आणि मग खर्चाचा हिशेब कागदावर मांडलात. तो कागद वडिलांनी कपाटात जपून ठेवला आहे. आमच्या घरी आता जर्मनीबद्दल जे बोलणं होतं ते त्या आकड्यांवर होतं. कुणाच्या सांगोवांगीवर होत नाही.

तोंडी परीक्षेची तयारी मी कधी विसरणार नाही. नाव, वय, देश, गाव, भाषा, काम, छंद, या सात शब्दांवर प्रत्येकाने उभं राहून बोलायचं. नाव जर्मन अक्षरांत सांगायचं, जे-ला योट, व्ही-ला फाउ. विनंतीच्या भागासाठी तुम्ही टेबलावर भडंग, बेदाणे, हळदीची पुडी, छत्री असं काहीबाही मांडायचात, आणि ‘गेबन झी मिर बिटं’ (कृपया मला द्या) म्हटल्याशिवाय कुणालाच काही मिळायचं नाही. परीक्षकाला ‘डू’ नाही, ‘झी’च म्हणायचं, हे सांगावंच लागलं नाही, कारण मोठ्यांना अहो-जाहो आमच्या अंगात होतं. पुण्याला परीक्षेच्या खोलीत समोर चित्राचं कार्ड आलं तेव्हा मला त्या टेबलाची आठवण झाली आणि वाक्य आपसूक बाहेर पडलं. शंभरपैकी साठ गुण लागतात. माझे त्याहून बरेच जास्त आले, आणि तोंडीला सगळ्यात चांगले.

जूनमध्ये नवी बॅच सुरू होईल तेव्हा शनिवारचा आकड्यांचा तास मी घ्यावा असं तुम्ही म्हणाला होतात. मी घेईन सर. एक ते शंभरचा तक्ता जर्मन आणि मराठी शेजारी-शेजारी लिहून तयार केला आहे, एकोणतीस-एकोणचाळीसच्या ओळी लाल शाईत. पुढच्या आठवड्यात मिरजेला येते तेव्हा तो तपासून द्या, आणि ए-टूचं पुस्तक कुठून घ्यायचं तेही सांगा.

तुमची विद्यार्थिनी,
तासगाव तालुक्यातून