आई-बाबा, राजीनामा दिला आहे

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

फोनवर बोलले असते तर बाबा गप्प झाले असते आणि आईला रात्रभर झोप लागली नसती, म्हणून लिहिते. नोकरी सोडली. चिपळूणला शेड भाड्याने घेतली आहे, शिलाईची मशीनंही आली. ट्रेकच्या सॅक शिवणार आहे. २०२१ चं पाणी आपण विसरलेलो नाही, जागा उंचावरच बघितली.

बाबा, काकांच्या कारखान्याचं मनात आणू नका. कर्ज काढलेलं नाही, घर-बागेवर कसलाही बोजा नाही. दोर नि हार्नेस (कड्यावर चढताना कमरेला बांधायचा पट्टा) यांवर माणसाचा जीव असतो, त्यांना यूआयएए या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण संघटनेच्या कसोट्या लागतात. त्यात मी इतक्यात हात घालणार नाही.

माळ्यावरची माझी जुनी सॅक काढून आत हात फिरवा. अस्तर चिकट झालंय, पापुद्रे सुटतायत. तो पॉलियुरेथेनचा लेप. आपल्या दमट उष्ण हवेत तो कुजतोच. खाऱ्या वाऱ्याने धातूच्या चेनही गंजून अडकतात. सह्याद्रीत भर पावसात चढणाऱ्या पोरांना असलं सामान का मिळावं? मी सिलिकॉनचा लेप, प्लॅस्टिकची चेन आणि भिजल्यावर न ताणणारे पॉलिएस्टरचे पट्टे वापरणार आहे. इव्हॉन शुईनार हा अमेरिकन गिर्यारोहक १९५७ मध्ये भट्टी आणून पोलादी पिटॉन, म्हणजे कड्याच्या भेगेत ठोकायचे खिळे, घडवायला लागला, तेव्हा त्याचं काम आई-वडिलांच्या घराच्या परसातच चालायचं. पुढे त्यानेच पॅटागोनिया ही डोंगरभटक्यांच्या कपड्यांची कंपनी काढली. तुम्ही परसात जागा देऊ नका, फक्त रागावू नका.

जेवणाचे हाल नाहीत. शेजारच्या वहिनींकडे डबा लावलाय, आमटीत कोकम असतं. खोली हवेशीर आहे, पाणी भरपूर. आणि गुहागर आता एका एसटीवर आलं, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. गोपाळगडाच्या तटावर बाबा माझं बोट घट्ट धरायचे, आई खालून "पुरे आता" म्हणून ओरडायची. अजून तसंच ओरड गं, मला बरं वाटतं.

आता ऐका. बाबा, प्रेशरची गोळी चुकवायची नाही. नारळ काढायला पाडेलीच बोलवायचा, शिडी लावायची नाही. पैसे मी देते. आई, पाखाडीच्या पायऱ्यांना शेवाळ धरलंय तोवर देवळात रिक्षानेच जायचं. तुला जमत नाही म्हणून नव्हे गं, मला इथे धीर राहावा म्हणून.

शनिवारी येते. गुडघ्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, जुने एक्स-रे काढून ठेव. घावन घालत बसू नकोस, कुळथाचं पिठलं-भात पुरे.

तुमची,
चिमी