उंबऱ्यावर उभ्या केलेल्या सिस्टरना

प्रिय सिस्टर,

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या आरोग्य उपकेंद्रातून तुमची बदली झाली त्याला बरीच वर्षं झाली. आभार राहून गेले होते, ते आज मानते.

फेब्रुवारी २०१७. गोवर-रुबेला मोहिमेच्या पहिल्याच टप्प्यात गोवा होता. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांखालच्या सगळ्यांना लस, आधी टोचलेली असली तरी पुन्हा. मोबाइलवर फिरत होतं की ही लस घेतलेल्या मुलींना पुढे मूल होत नाही. लेक तेव्हा पाचवीत. ‘आमच्या मुलीला लस देऊ नये’ असं मी तिच्या वहीत लिहून दिलं. तुम्ही दारात आलात तेव्हा नको नको ते बोलले. घाबरले होते हो.

तुम्ही आवाज चढवला नाहीत. ओट्यावर बसलेल्या माझ्या जावेला विचारलंत, "कितवा महिना?" तिसरा, ती म्हणाली. मग मला समजावलंत. रुबेला म्हणजे मुलांना थोडा ताप नि पुरळ, पण पहिल्या महिन्यांत गरोदर बाईला झाला तर पोटातल्या बाळाचे कान, डोळे, हृदय यांना धोका. लसीत जिवंत विषाणू असतो, दुबळा केलेला, म्हणून पोटुशीला ती देत नाहीत. "तिला राखायचं तर भोवतालच्या पोरांनी घ्यायला हवी. मुलग्यांनीसुद्धा."

माझ्या भीतीला इतकं जवळचं उत्तर कुणी दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत आले. तुम्ही बाटली माझ्यासमोर धरलीत. झाकणावर बोटाच्या पेराहून लहान गोल, त्यात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिकट, म्हणजे लस थंडीत नीट राहिलेली. सुई कोरी, सिरिंज एकदा दाबली की पुन्हा न चालणारी. लेकीला टोचून डाव्या अंगठ्याच्या नखावर खूण केलीत आणि अर्धा तास व्हरांड्यात बसवलंत. ती आपलं नख माझ्या बोटाशी लावून बघत होती. ४ तारखेच्या मतदानाची शाई माझ्या बोटावर अजून होती.

जावेचा मुलगा धडधाकट जन्मला. नऊ महिन्यांचा झाल्यावर त्याला घेऊन मीच उपकेंद्रात गेले. लेक आता कॉलेजात आहे. घरच्या ग्रुपवर लसीविषयी काही भलतंसलतं आलं की तीच आधी विचारते, "हे कुणी सांगितलं? सिस्टरला विचारलं का?" वाडीतल्या नव्या आयांना मी ओरडत नाही. सोबत येते म्हणते, कार्ड घेऊन जाते, त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू देते. हे तुमच्याकडूनच उचललं.

त्या दिवशी तुम्हांला मी उंबऱ्याबाहेरच उभं ठेवलं, पाणीसुद्धा विचारलं नाही. माफ करा. या चवथीला गणपतीवर बांधलेली फळापानांची माटोळी बघायला या, जेवूनच जा.

तुमची,
पाचवीतल्या त्या मुलीची आई