शिकाऊ उमेदवारांना शिकवणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘कुशल माणसे मिळत नाहीत’ ही तक्रार पुण्यातील उद्योजकांच्या जवळपास प्रत्येक बैठकीत ऐकू येते आणि तिचे खापर आयटीआयच्या जुन्या यंत्रांवर व अभ्यासक्रमावर फोडले जाते. आयटीआयमध्ये शिल्प निदेशक (प्रशिक्षक) म्हणून अनेक वर्षे काम केल्यामुळे त्या टीकेतील तथ्य मी नाकारणार नाही. परंतु 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने प्रशिक्षणाची जबाबदारी मालकावरही टाकली आहे, आणि मालकाकडे स्वतः शिकवण्याची पात्रता नसेल, तर पात्र व्यक्तीची त्या कामावर नेमणूक करावी, असेही त्यात म्हटले आहे, याचा उल्लेख या बैठकांत क्वचितच होतो.

सन 2019 पासून 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला, कंत्राटी कामगार धरून, एकूण संख्येच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. संख्या बहुतेक ठिकाणी भरते. प्रश्न पुढचा आहे. फिटरचा दाखला घेऊन गेलेला मुलगा वर्षभर पॅकिंगला किंवा एकाच प्रेसवर उभा राहतो, टूलरूमचे (साचे व अवजारे घडवण्याच्या विभागाचे) दार त्याला उघडत नाही, आणि मुदत संपली की त्याच्या जागी नवी तुकडी येते, असे माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांनी मला सांगितले आहे. शिकाऊ उमेदवार हा कायद्याने ‘कामगार’ ठरत नाही व त्याला कायम करण्याचे बंधनही मालकावर नाही. त्यामुळे विद्यावेतनावर, ज्याचा काही भाग सरकारच सोसते, उत्पादन काढून घेण्याचा मोह होतो. अशा वर्षाला प्रशिक्षण म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे.

याच शहराने वेगळी रीत पाहिलेली आहे. टेल्कोने (आजच्या टाटा मोटर्सने) पिंपरीत पाय रोवताना सुमंत मूळगावकर यांच्या नेतृत्वाखाली प्रशिक्षण विभाग आणि यंत्र-अवजारांचा विभाग आधी उभा केला. वाहने नंतर बाहेर पडली. तेथे तयार झालेल्या कारागिरांपैकी काहींनी पुढे भोसरीत स्वतःची वर्कशॉप काढली, आणि त्याचा लाभ एका कंपनीपुरता राहिला नाही.

भोसरीतील लघुउद्योजकाची अडचण मात्र खरी आहे. त्याने व्हीएमसीवर (संगणक-नियंत्रित कटिंग यंत्रावर) मुलगा तयार करावा आणि चाकणच्या मोठ्या कारखान्याने दोन-तीन हजार रुपये जास्त देऊन तो न्यावा, हे वारंवार घडत असेल, तर शिकवण्यासाठी तो यंत्र का थांबवील? (मुलाने जाऊ नये, असे मी म्हणणार नाही.) ज्या मोठ्या कंपन्या या व्हेंडरांकडून सुटे भाग घेतात, त्यांनी आपली प्रशिक्षण केंद्रे त्यांच्या उमेदवारांसाठी खुली करावीत व त्याचा खर्च स्वतः सोसावा, ही अपेक्षा म्हणूनच वाजवी आहे.

त्याबरोबरच किती शिकाऊ उमेदवार घेतले, त्यांतील किती परीक्षेला बसले, किती उत्तीर्ण झाले आणि किती जणांना नोकरीत सामावून घेतले, हे आकडे प्रत्येक मोठ्या कंपनीने आपल्या वार्षिक अहवालात द्यावेत. पुण्यातील उद्योजकांच्या संघटनांनी आपल्या सभासदांपासून ही प्रथा सुरू करावी, त्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक, चिंचवड