आबांच्या मानपत्रात काय असावं

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

आपल्या गावच्या नाट्यमंडळातर्फे आबांचा सत्कार आहे, त्यासाठी तू पाठवलेला मानपत्राचा मसुदा काल रात्री निवांत वाचला. भाषा शुद्ध आहे, मायना छान जमलाय. पण 'रंगभूमीचे निस्सीम उपासक', 'नाट्यसेवेचे व्रत घेतलेले तपस्वी' ही विशेषणं बाजूला काढलीस तर खाली आबांचं असं काय उरतं, ते बघ. ही वाक्यं कोणाच्याही नावापुढे चालतील. रामनवमीच्या उत्सवात सगळं गाव आणि मुंबईकर मांडवात बसलेले असताना हे वाचलं जाणार आहे. आबांनी काय केलं ते त्यात यायला हवं. फोनवर एवढं बोलणं होत नाही, म्हणून लिहायला बसले.

सुभद्रेपासून सुरुवात कर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा आपल्या मंडळाच्या नाटकात बायका काम करत नव्हत्या. मुंबई-पुण्यात स्त्रिया रंगमंचावर येऊन तेव्हा अर्धं शतक होत आलं होतं, पण आपल्या देवळापुढच्या मांडवात अजून पुरुषच लुगडं नेसायचे. किर्लोस्करांचं 'सौभद्र' १८८२ सालचं, आणि आपल्याकडे ते उत्सवात फिरून फिरून लागायचं. त्यातली सुभद्रा आबांची. त्यांचं चापूनचोपून नेसलेलं नऊवारी, उठता-बसता पदर सावरणं, यतिवेषातल्या अर्जुनापुढे मान खाली घालून उभं राहणं, सगळं इतकं खरं असायचं, की पुढे बसलेल्या म्हाताऱ्या त्यांच्या नेसण्याचं कौतुक आपल्या सुनांना ऐकवायच्या. मी ती सुभद्रा एकदाच पाहिली.

पुढच्या उत्सवाआधी देवळात आरतीला त्यांनी माझा आवाज ऐकला आणि संध्याकाळी आपल्या ओटीवर येऊन बसले. तुझे आजोबा तयार नव्हते. सून नाटकात उभी राहणार ही कल्पनाच त्यांना सहन होईना. आबा दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशीही आले. वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, "भाऊ, माझा गळा आता जाड झाला. सुभद्रेची पदं मला पेलत नाहीत. तुमच्या घरात गळा आहे, तो देवासमोर गाऊ दे." मी माजघरातून ऐकत होते.

त्यांचा गळा जाड झाला नव्हता, बाळा. तालमीत मी अडले की ते पद अख्खं म्हणून दाखवायचे. वरचा षड्ज स्वच्छ लागायचा. मला तेव्हाच कळलं होतं. ज्या पार्टासाठी पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं, तो त्यांनी हातचा सोडला. पुढे आणखी दोघी-तिघी आल्या आणि स्त्रीपार्ट करणाऱ्या पुरुषाची मंडळाला गरजच राहिली नाही. आबा त्याच 'सौभद्रा'त घटोत्कच झाले. घटोत्कचाचं काम ते किती, तुला माहीत आहेच. उरलेला वेळ ते पुस्तक घेऊन विंगेत. मी आजवर जी काही गायले, ती त्या ओटीवरच्या बोलण्यामुळे. हे मानपत्रात असलंच पाहिजे, आणि माझं नाव घालायला संकोचू नकोस.

दुसरं, त्यांचं प्रॉम्प्टिंग, म्हणजे अडलेल्या नटाला विंगेतून शब्द पुरवणं. समोरून बघणाऱ्याला ते कधी कळलं नाही, कारण आबा नटाला कधी वाक्य देत नाहीत, पहिली दोन अक्षरं देतात. तीही नट थांबल्यावर नाही, थांबायच्या आत. मी एकदा विचारलं होतं, तुम्हाला आधीच कसं कळतं? म्हणाले, विसरणाऱ्याचे पाय आधी हलतात. म्हणून ते तोंडाकडे बघत नाहीत, पायांकडे बघतात. कॉलर माइक आले तेव्हा विंगेतली कुजबुज कर्ण्यातून ऐकू जायला लागली. उतारवयात त्यांनी नवी पद्धत बसवली. आवाज नाही, नुसते ओठ. आणि प्रत्येक नटाला बजावून ठेवलं की अडलास तर उजव्या विंगेकडे वळण्याचं काहीतरी निमित्त काढ. तो बुक्का लावणारा नारद मध्येच वीणा का सावरतो, हे आता तुझ्या लक्षात येईल.

त्याहून मोठं काम तालमीतलं. आपलं नाटक निम्मं मुंबईत आणि निम्मं गावात बसतं. चाकरमानी तिकडे कोणाच्या तरी खोलीत जमतात, इथले देवळात. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण सुरू झाली. त्याआधी तर सगळे रातराणी एसटीने अंग मोडून घेत उत्सवाच्या आदल्या दिवशी पोचायचे, आणि पहिली एकत्र तालीम हीच रंगीत तालीम. मग गावात अर्जुनाची वाक्यं कोण म्हणणार? बलराम कोण, कृष्ण कोण? आबा. न आलेल्या प्रत्येकाचा पार्ट ते उभे राहून करायचे, वाचून दाखवायचे नाहीत. मुंबईचा अर्जुन कुठे वळेल, कुठे श्वास घेईल, हे त्यांनी पत्रातून आणि पुढे फोनवरून विचारून ठेवलेलं असायचं. म्हणून तो प्रत्यक्ष आला की आम्हाला परका वाटायचा नाही. आपल्या मंडळाच्या कितीतरी नाटकांतले सगळे पार्ट त्यांनी केले आहेत, पण प्रेक्षकांसमोर नाही. याची नोंद कुठल्याही हँडबिलात सापडायची नाही.

परवानग्यांचं थोडक्यात लिही. लेखकाचं संमतिपत्र, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचं प्रमाणपत्र, दापोलीला पोलीस ठाण्यात कर्ण्याचा अर्ज, हे सगळं त्यांच्याकडे. पूर्वी नाटक रात्री दहाला सुरू होऊन काकड आरतीला संपायचं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहानंतर कर्णे बंद झाले. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस सूट देता येते, तीही मध्यरात्रीपर्यंतच. नियम चांगला आहे, आजारी माणसांना आणि लेकरांना झोप हवीच. पण पाच अंकांचं नाटक साडेतीन तासांत बसवायचं म्हणजे पदं गाळावी लागतात. कोणतं पद गाळायचं हे ठरवताना आबांच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलंय. तरी पेन्सिलीची रेघ त्यांनीच ओढली, आणि नेमकी अशा ठिकाणी ओढली की कथेचा धागा तुटला नाही.

३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ तू पुण्यात बसून टीव्हीवर पाहिलंस. इथे आपल्या माड-सुपारीची जी गत झाली ती सांगून झाली आहे. मंडळाच्या खोलीचे पत्रे उडाले, हे मात्र तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. ज्याच्या त्याच्या घरावर कौलं नव्हती, वीज नव्हती. आबांच्या पडवीचंही छप्पर गेलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी पडलेल्या झाडांतून वाट काढत ते खोलीवर गेले. रंगवलेले पडदे भिजून एकमेकांना चिकटले होते. पावसाने उघडीप दिली की ते आणि काकू पडदा उलगडायचे, दोन टोकांना धरून सभामंडपात पसरायचे, सर आली की गुंडाळायचे. जंगल आणि रस्ता वाचले. महालाचा रंग वाहून गेला. पुढे करोनामुळे उत्सवात नाटकच झालं नाही, पण ते दोन पडदे त्यांनी उंदीर-वाळवीपासून जपले. गेल्या वर्षी आपण ज्या जंगलासमोर काम केलं, ते हेच.

आणि नाटकानंतरची सकाळ. रंग उतरवून, खोबरेल तेलाने तोंडं पुसून सगळे झोपलेले असतात. आबा मांडवात असतात. कोणाकडून समई आणलेली, कोणाकडून चंदनी पाट, कोणाच्या लग्नातला शालू, कोणाची सतरंजी. चहाच्या वेळेआधी प्रत्येक वस्तू ज्या घरची त्या घरी पोचते, शालू घडी घालून, समई घासून. म्हणूनच पुढच्या वर्षी मागायला गेलं की आपल्या गावात कोणी नाही म्हणत नाही. मला विचारशील तर मंडळ एवढी वर्षं टिकलं ते या सकाळच्या फेरीवर.

मंडळाच्या अध्यक्षांशी मी दोन गोष्टी बोलून ठेवल्या आहेत, तूही बोल. सत्कार मध्यंतरात, पाहुण्यांच्या भाषणांच्या गर्दीत उरकायचा नाही. नांदीच्या आधी, पडदा उघडून, रंगमंचावर. आणि काकूंची खुर्ची शेजारी हवी. तालमींच्या रात्री चहाचं आधण त्यांच्या चुलीवर असायचं, आबांच्या शेतीची आणि गुराढोरांची कामं त्या महिन्यात त्याच ओढायच्या. शाल-श्रीफळाबरोबर त्यांची साडी देऊन ओटी भरायची, ती मी भरीन. वाचताना आबांच्या डाव्या बाजूला उभा राहा, उजव्या कानाने त्यांना कमी ऐकू येतं. सावकाश वाच. त्यांना प्रत्येक शब्द ऐकू गेला पाहिजे. माणूस समोर बसून ऐकू शकतो तोवर हे झालं, याचा मला फार आनंद आहे.

सत्काराचं सांगायला मी गेले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, "सूनबाई, मी खुर्चीत बसलो तर विंगेत पुस्तक कोण धरील?" मी तुझं नाव सांगितलं आहे. न विचारता सांगितलं, पण तू नाही म्हणणार नाहीस. ते म्हणाले, मग पोराला आठ दिवस आधी येऊ दे, अख्खं पुस्तक त्याच्याकडून एकदा वाचून घेतो. रजेचं बघ. खेडला उतरून दापोलीची एसटी धर, तिथे बाबा घ्यायला येतील. मानपत्र पुन्हा लिहून आधी मला पाठव, छपाईला नंतर दे. आबांनी रंगभूषेच्या सामानाची यादी दिली आहे: स्पिरिट गम, काळं आणि पांढरं क्रेप, पॅनकेकचे दोन डबे आणि घटोत्कचासाठी लाल रंग. येताना तेवढं घेऊन ये.

तुझी,
आई