दुतोंड्या मारुती, क्युसेक आणि तू

नाशिक, जुलै २०२४

चि. … हिला अनेक आशीर्वाद.

नाव गाळलंय. "सर, माझं नाव कुठे टाकू नका, उद्या पंचवीस कॉलेजांचे फोन येतील," असं तू बजावलं होतंस. पण आभार मात्र चारचौघांतच मानायचे, हे मी ठरवून टाकलं होतं. मे महिन्यात सॉफ्टवेअर बदलताना आमच्या ग्रंथालयात ई-जर्नलच्या आकड्यांचं जे झालं ते अजून कितीतरी ग्रंथालयांत व्हायचं आहे, आणि तिथे शनिवारी सकाळी स्कूटीवरून कुणी येईलच असं नाही.

सॉफ्टवेअर बदलायचं म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पुस्तकं येतात. माझ्याही आली. पुस्तकांच्या नोंदी 'मार्क' या ठरलेल्या साच्यात घालून 'कोहा' या नव्या ग्रंथालय-सॉफ्टवेअरात चढवायच्या, सभासदांची यादी, बाहेर गेलेली पुस्तकं, राहिलेला दंड. नव्या प्रणालीत पहिला बारकोड वाचला गेला तेव्हा आम्ही सगळे देवघेवीच्या टेबलाशी जमलो होतो, जणू नवी सून माप ओलांडत होती. पेढे वाटले. ई-जर्नलच्या वापराचे आकडे मात्र कुणाच्याच लक्षात नव्हते. मला ते आठवले तेही प्राचार्यांनी नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायलीसाठी पाच वर्षांचे मागितले म्हणून. ४.२ च्या निकषात ग्रंथालयाचा रोजचा वापर विचारतात, त्यात पायांनी आलेले वाचक धरायचे आणि ऑनलाइन आलेलेही. तारीख होती बहुधा १४ मे. जुन्या सॉफ्टवेअरचा करार ३१ तारखेला संपत होता.

कोहा बसवून देणाऱ्यांना फोन केला. "ई-रिसोर्स आपल्या स्कोपमध्ये नाही, सर." जुन्या सॉफ्टवेअरवाल्यांनी दोन दिवस टोलवून शेवटी एक एक्सेल पाठवली. शीर्षक, आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक), वर्ष, आणि शेवटचा रकाना 'वापर'. बस्स, एवढंच. त्यातही एक्सेलनं आपला हात मारलेला. 'नेचर'चा आयएसएसएन ००२८-०८३६, त्याचा झाला होता २८०८३६. मधली आडवी रेघ जुन्या सॉफ्टवेअरनं खाल्ली, पुढची शून्यं एक्सेलनं.

मग तुला फोन केला. खरं सांगतो, संकोच वाटला होता. तू एम.लिब. करताना आमच्याकडे सहा आठवडे होतीस आणि आम्ही तुला काय शिकवलं? दाखल नोंदवहीत पुस्तकं चढवायची आणि कण्यावर लेबलं चिकटवायची. त्या शिदोरीवर कुणाकडे हक्कानं काम मागायचं म्हणजे जरा जास्तच.

तू आलीस, हेल्मेट टेबलावर ठेवलंस, फाइल उघडलीस आणि पहिला प्रश्न विचारलास, "सर, वापर म्हणजे काय?"

मला राग आला होता, आता सांगायला हरकत नाही. तीस वर्षं या खुर्चीवर काढलेल्या माणसाला वापर म्हणजे काय विचारतेस? पण मला उत्तर देता येईना. कुणी शोध घेतला तो वापर? नुसता सारांश वाचून मागे फिरला तो? अख्खा लेख उघडला तो? आणि एकाच माणसानं तोच लेख आधी वेबपानावर आणि मग पीडीएफमध्ये उघडला, तर एकदा मोजायचा की दोनदा?

पुस्तकाचं एक बरं असतं. मागच्या पानावर तारीखचिठ्ठी असते. मी शाळेत असताना सावानाचा, म्हणजे आपल्या सार्वजनिक वाचनालयाचा सभासद होतो. १८४० सालची संस्था ती. पुस्तक घेण्याआधी मी ती चिठ्ठी बघायचो. शिक्क्यांची दाटी असेल तर पुस्तक चांगलं, एवढी माझी समीक्षा. ई-जर्नलला मागचं पानच नाही. शिक्का मारतो तो प्रकाशकाचा सर्व्हर, आणि कशाला शिक्का म्हणायचं हेही दूर कुठेतरी ठरतं. कुठे, ते तू सांगितलंस.

'काउंटर' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे देवघेवीचं टेबल येतं. ही वेगळीच: प्रकाशकांनी वापर कसा मोजायचा याची २००३ पासून चालत आलेली नियमावली. तिची चौथी आवृत्ती होती तेव्हा आमच्याकडे 'जेआर-१' नावाचा अहवाल यायचा, त्यात पूर्ण लेखांच्या मागण्या महिन्यागणिक. वेबपान उघडलं की एक, पीडीएफ उतरवली की दुसरी. जानेवारी २०१९ पासून पाचवी आवृत्ती आली. तिच्यात 'युनिक आयटम रिक्वेस्ट' असं एक माप आहे. एका बैठकीत एक लेख तुम्ही वेबपानावर बघा, पीडीएफ उतरवा, काहीही करा, तो एकदाच मोजायचा. त्याशिवाय प्रत्येक वेळ मोजणारी 'टोटल' वेगळी, आणि नुसतं डोकावणंही धरणारं 'इन्व्हेस्टिगेशन' आणखी वेगळं.

आमच्या आधीच्या सहायकानं २०१८ पर्यंत जेआर-१ मधले आकडे चढवले होते आणि २०१९ पासून युनिकचे. दोन्ही एकाच 'वापर' रकान्यात. त्यांची चूक नव्हे, सॉफ्टवेअरनं दुसरा रकाना दिलाच नव्हता.

तरी मी म्हणालो, "असू दे ना, आकडे ते आकडे. एका ओळीत लावून टाक, आलेख निघाला की झालं." तेव्हा तू, पंचवटीत वाढलेली मुलगी, जे बोललीस ते मी आता प्रत्येक बैठकीत ऐकवतो. "सर, मागच्या वर्षी पाणी दुतोंड्याच्या कमरेपर्यंत होतं आणि यंदा गंगापूरमधून इतके क्युसेक सोडलंय. आता सांगा, पूर वाढला की उतरला?"

बाहेरगावच्या वाचकांसाठी: गोदावरीच्या पात्रात रामकुंडाजवळ दोन तोंडांची मारुतीची मोठी मूर्ती आहे. पाणी तिच्या गुडघ्याला लागलं, छातीला लागलं, यावर आम्ही नाशिककर पूर मोजतो. पाटबंधारेवाले धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात. दोन्ही मापं खरी. बेरीज मात्र होत नाही.

मी गप्प बसलो. कारण मला रसायनशास्त्राचं एक जर्नल आठवलं. २०२० मध्ये समितीपुढे मी पाच वर्षांचे आकडे ठेवले होते आणि २०१९ ला वापर धाडकन खाली आलेला दिसत होता. दर वापरामागे खर्च काढला, तो डोळ्यांत भरला, जर्नल बंद केलं. विभागातले एक सर तेव्हा म्हणत होते, "मुलं वाचतात हो, मी पाहतो ना रोज." आम्ही त्यांना आकडा दाखवला. त्या प्रकाशकाच्या संकेतस्थळावर दुवा दाबला की आधी वेबपान उघडतं, पीडीएफचं बटण त्यानंतर. म्हणजे जुन्या मापात बहुतेक लेख दुप्पट मोजले जात होते. वाचक कुठेही गेले नव्हते, बदललं होतं माप. त्या सरांना मी गेल्या महिन्यात जाऊन हे सांगितलं. ते हसले, चहा पाजला, आणि म्हणाले, "चार वर्षं झाली." पुढे काही बोलले नाहीत.

मग तू मूळ फायली मागितल्यास. प्रकाशकाकडून परत मागवू म्हणालो, तर कळलं की चालू वर्ष आणि त्याआधीचे चोवीस महिने एवढंच द्यायला ते बांधील असतात. म्हणजे २०२२ पासूनचं मिळेल, त्याआधीचं ज्यानं त्यानं जपायचं. आणि आम्ही जपलं होतं का, तर होतं, स्वतःच्या नकळत. लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, गोंदाच्या बाटल्यांमागे, त्याच सहायकाचा पेनड्राइव्ह. त्यात 'नॅक फायनल', 'नॅक फायनल २', 'नॅक खरंच फायनल' असे फोल्डर. तू हसत सुटलीस. शिपाईमामांनी पंखा तुझ्याकडे वळवून दिला आणि दुपारचे चार वाजेपर्यंत तू एकेक फाइल उघडून फक्त पहिला चौकोन बघत होतीस. 'जर्नल रिपोर्ट १ (आर४)' असं लिहिलं असेल तर डावीकडे. 'रिपोर्ट_नेम' असेल तर उजवीकडे. काहीच नसेल, म्हणजे कुणीतरी वरच्या ओळी 'नीटनेटकेपणासाठी' पुसल्या असतील, तर तिसऱ्या ढिगात. तिसरा ढीग सगळ्यात मोठा निघेल अशी मला धास्ती होती. निघाला सगळ्यात लहान. त्या सहायकांना मी त्याच रात्री फोन केला. ते आता मुलाकडे पुण्याला असतात. त्यांचेही आभार या पत्रात धर.

२०१७ चं मात्र काही सापडलं नाही. एक्सेलमध्ये वर्षाची बेरीज होती, महिने नव्हते. आमचं शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होतं, प्रकाशकांचं जानेवारीत, त्यामुळे महिने नसले तर ती बेरीज आम्हाला धड इकडे लावता येत नाही ना तिकडे. मी सुचवलं, बारानं भागून टाकू. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "सर, मेमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये सारखीच मुलं येतात का इथे?" आणि तो रकाना रिकामा ठेवलास. मला रिकामा रकाना बघवत नाही, हिशेबी घरातला माणूस मी. पण ठेवला. शेजारी तू टीप लिहिलीस: 'फक्त वार्षिक बेरीज उपलब्ध, माप जेआर-१ असावे.' त्या 'असावे'साठी तुला वेगळे गुण.

बाकीचं काम सरळ होतं, निदान तुझ्या हातून सरळ दिसलं. चौथ्या आवृत्तीच्या फायली कोहात कोंबायच्याच नाहीत, कारण तिथला विभाग पाचव्या आवृत्तीच्या साच्यावर बेतलेला. त्या मूळ रूपात तशाच, सोबत एक साधा तक्ता आणि त्यात 'माप' असा वेगळा रकाना. २०१९ ते २०२१ च्या फायली कोहात हातानं चढवल्या. तेवढ्यासाठी 'जाने-२०१९' अशी मथळ्यातली महिन्यांची नावं एक्सेलनं तारखा करून टाकली होती, ती सगळी पूर्वपदावर आणली. आणि २०२२ पासूनचं सुशीकडून.

सुशीवरून झालेली गंमत घरी सांगितलीस का? "सुशीकडून आकडे येतील," असं तू म्हणालीस आणि शिपाईमामांनी विचारलं, "सुशी मॅडम कोणत्या डिपार्टमेंटला?" सर्व्हरनं सर्व्हरशी बोलून आकडे आणण्याची ती पद्धत आहे हे त्यांना समजावताना मलाही समजलं. प्रत्येक प्रकाशकाकडून ग्राहक क्रमांक आणि चावी मागवायची, कोहात पत्ता भरायचा, कालावधी घालायचा. एकानं '२०१०' अशी चूक दाखवली, मी म्हणालो साल चुकलं वाटतं. तो चुकीचा क्रमांक होता: या संस्थेचे आकडे बघायचा तुम्हाला अधिकार नाही. आमच्याच संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजचा ग्राहक क्रमांक कुणीतरी आम्हाला देऊन ठेवला होता. दुसऱ्या एका छोट्या प्रकाशकाकडून '३०३०' आलं तेव्हा माझा जीव खालीवर. तू शांतपणे म्हणालीस, "याचा अर्थ त्या काळात वापरच नाही. हे बिघाडाचं नाही, सर. हे उत्तर आहे."

आलेखात आता जानेवारी २०१९ वर एक उभी रेघ आहे. रेघेच्या अलीकडचं आणि पलीकडचं जोडायचं नाही. प्राचार्यांना मी दुतोंड्या आणि क्युसेक सांगितलं, त्यांना एका मिनिटात पटलं. तेही नाशिकचेच. येत्या जानेवारीपासून ५.१ आवृत्ती लागू होते आहे, तेव्हा दुसरी रेघ ओढावी लागेल का हे विचारायला फोन करणार आहे, तयारीत राहा.

पैशांचं तू नाव काढू दिलं नाहीस. कोहा हा माओरी शब्द आहे, अर्थ भेट, हे मला परवा कळलं. १९९९ साली न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी ते लिहिलं गेलं म्हणून ते नाव. मी कोट्यांच्या फंदात पडत नाही, मिसळीवर भागवलं. पण निघताना तू मागितलंस काय, तर दाखल नोंदवही. तुझ्या सहा आठवड्यांची पानं काढून दिली. सातच्या पोटात आडवी रेघ मारायची तुझी सवय तेव्हापासूनची. एका पानावर तू एक दाखल क्रमांक चुकवून खाडाखोड न करता नुसता कंस करून बरोबर क्रमांक बाजूला लिहिला होतास, खाली सही. तेव्हा मी तुला ओरडलो होतो, पान घाण केलंस म्हणून. तू ते बोट ठेवून दाखवलंस आणि काही न बोलता वही मिटलीस.

महिना संपल्यावर चार आठवड्यांत आकडे तयार होतात, म्हणून तू सांगितल्याप्रमाणे मी २८ तारीख उलटू दिली आणि मग मेचा कालावधी घालून बटण दाबलं. एकट्यानं. बाकी सगळे आले. त्या छोट्या प्रकाशकाकडून ३०३० आलं.

मी उठून चहा घेतला.

तुझा,
सर